चिंचेखालचा अर्धा तास

चांगला खेळायला लागला की संघपाल आऊट व्हायचा.

हे आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. पहिले दहा-पंधरा रन तो जीव मुठीत धरून काढायचा. दोन-तीनदा चुकायचा, मांडीवर बॉल खायचा, पण टिकायचा. मग पंचविशीच्या पुढं कुठंतरी बॅटच्या मधोमध तो भरीव आवाज यायला लागायचा, पाय आपसूक जागेवर जायचे, आणि बघणारे म्हणायचे, ‘आता ह्यो काय आवरत न्हाई.’ नेमका तेव्हाच तो मान वळवून मैदानाच्या कडेला बघायचा. एकदाच. पुढच्या चार-सहा बॉलांत कुणाच्या तरी हातात सोपा झेल देऊन परत यायचा.

खजुरीला सत्तावीसवर गेला. आळंदला एकतीसवर. परत आळंदला एकोणतीसवर. तिसऱ्या वेळी वीरभद्रप्पा सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तम्मा, तुझ्या हातात काय खोट न्हाई. डोक्यात अजून भीती हाय. आपण ती काढू.”

वीरभद्रप्पा सर मादन हिप्परग्याच्या हायस्कुलात चौतीस वर्षं पी.टी. शिकवून रिटायर झालेले. घरी कन्नड, गावात मराठी, आणि मैदानावर दोन्हींची भेसळ; प्रत्येक पोरगा त्यांचा ‘तम्मा’, धाकटा भाऊ. कशाची भीती, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. दाखवायची गरज नव्हती. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं.

वर्षभरामागं, शिमग्याच्या आदल्या आठवड्यात, हायस्कुलामागच्या मैदानात प्रॅक्टिस चालली होती. संघपाल बॅटिंग करत होता आणि अंकुशराव पाटलांचा हरिओम बॉलिंग टाकत होता. दोघं पहिलीपासूनचे दोस्त. हरिओमनं पुढं टाकलेला बॉल संघपालनं सरळ मारला, आणि बॉल टाकून खाली वाकलेल्या हरिओमच्या कानाच्या वर तो लागला. जीपमधून गुलबर्ग्याला नेताना, कडगंचीच्या पुढं, संघपालच्या मांडीवर डोकं ठेवून हरिओम गेला. एकवीस वर्षांचा होता.

अंकुशरावांनी पोलिसांना एवढंच सांगितलं, “खेळात झालं. कुणावर तक्रार न्हाई.” त्यांनी खरंच कधी तक्रार केली नाही. पण त्या दिवसापासून ते संघपालशी एक शब्दही बोलले नाहीत. आणि तिसऱ्याच दिवशी चहाच्या हॉटेलात कुणीतरी म्हणालं, “मारला कुणी आन् मेलं कोण, बघा की.” ते वाक्य दुपारपर्यंत बौद्धवाड्यात संघपालच्या बापाच्या, बाबूलालच्या उंबऱ्याशी येऊन पोचलं. बाबूलालनं लेकाचे दोन जोड कपडे पिशवीत भरले आणि त्याला बिदरच्या गाडीत बसवून दिलं. त्याचा मेहुणा, संघपालचा मामा, बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यांकडं एका गोदामात कामाला होता. त्यानं संघपालला तिथंच चिकटवलं. बॅट माळ्यावर गेली.

नऊ-दहा महिन्यांनी वीरभद्रप्पा सर एकदा गोदामाच्या गेटवर येऊन उभे राहिले. हातात छत्री, अंगात तोच तो पांढरा शर्ट.

“तेवीस वर्षांखालची निवड हाय गुलबर्ग्यात, दसऱ्याच्या आधी,” ते म्हणाले. “तुझं शेवटचं वरीस. पुढच्या साली तू बसत न्हाईस त्यात.”

“मला खेळायचं न्हाई सर.”

“मग रोज सकाळी खोलीमागं बॉल टांगून कशाला मारायलास? तुझ्या मामानं सांगितलं मला.”

पायमोज्यात बॉल घालून तो बांधकामाच्या सळईला टांगायचा आणि कामावर जायच्या आधी मारत राहायचा, हे खरं होतं. खेळायचं नव्हतं हेही खरं होतं.

तेव्हापासून शनिवारची पाळी संपली की तो बिदरहून निघायचा. हुमनाबाद, गुलबर्गा, मग आळंदची गाडी. कडगंची आली की खिडकीकडं पाठ करून बसायचा. रविवारी सकाळी सहाला मैदानावर.

सरांनी भीतीवरचा उपाय शोधून ठेवला होता. बॉल टाकणाऱ्याच्या पुढं त्यांनी दोन बांबू रोवले आणि त्यांना जाळी बांधली. टाकणारा बाजूनं टाकून जाळीमागं सरकायचा. “आता कुणाला लागत न्हाई,” ते म्हणाले. “सरळ मार. दोनशे. प्रत्येक बॉलला मला मोठ्यानं सांगायचं, बॉलची शिवण कशी दिसली. डोळ्याला काम असलं की मन गप बसतं.”

संघपाल सांगायचा. “आडवी.” “उभी.” “ऑफकडं कललेली.” आणि सरळ मारायचा. दोनशेच्या दोनशे. महिन्याभरानं सरांनी जाळी काढली, तरी त्याचा हात थांबला नाही. सरांना वाटलं, जिंकलो. आणि मग खजुरी, आळंद, पुन्हा आळंद.

सरांना जे सापडत नव्हतं, ते संघपालला पहिल्यापासून ठाऊक होतं. सरळ मारायला तो भीतच नव्हता. बॅटच्या मधोमध तो आवाज आला, अंगाला बरं वाटलं, की कडेला कुणीतरी बसलेलं असायचं. खजुरीला पाण्याच्या टाकीच्या सावलीत. आळंदला मोटारसायकलींच्या रांगेमागं. पाय पसरून, पाठ टेकून, टोपी तोंडावर ओढून. ते काही करायचं नाही. उठायचं नाही, हाक मारायचं नाही. नुसतं बसलेलं असायचं. आणि संघपालच्या बॅटीतला जीव जायचा.

चैत्रातल्या एका रविवारी ते गावच्या मैदानातही आलं. पश्चिमेच्या चिंचेखाली, नेमक्या त्याच जागी. संघपाल लयीत होता, चाळीसेक बॉल झाले होते. त्यानं मान वळवली आणि चिंचेखाली माणूस बसलेलं बघून त्याच्या हातून बॅट गळून पडली.

“काय झालं?” सर ओरडले.

दुसऱ्या पोरांनीही तिकडं बघितलं, आणि ती जागच्या जागी थांबली. तेव्हा संघपालला कळलं की हे सगळ्यांना दिसतंय. चिंचेखाली सत्यभामाबाई बसल्या होत्या. हरिओमची आई. डोक्यावर पदर, मांडीवर दोन्ही हात.

त्या तशाच बसून राहिल्या. ऊन चढल्यावर उठून गेल्या. पुढच्या रविवारी परत आल्या. त्याच्या पुढच्याही.

गावात कुजबुज सुरू झाली. संघपालच्या आईनं, मंगलनं, भाकरी थापता थापता हात थांबवला. “नको जाऊस बाबा मैदानावर. आईचा जीव हाय तो. तिचा तळतळाट घेऊन कुठं जाशील?”

“त्या काय बोलत न्हाईत माय.”

“म्हणून तर भ्या वाटायलंय.”

चौथ्या रविवारी प्रॅक्टिस संपल्यावर सत्यभामाबाई उठल्या आणि घरी जायच्या ऐवजी सरळ त्याच्याकडं चालत आल्या. पोरं बाजूला झाली. वीरभद्रप्पा सर रोलरजवळ स्टंप गोळा करत होते, तिथंच थबकले. संघपाल पॅड सोडत बसला होता. त्याचं बोट पट्ट्यात अडकल्यागत झालं.

“संघपाल,” त्या म्हणाल्या, “येक इचारायचंय. किती दिस झाले, धीर होत नव्हता.”

“इचारा काकू.”

“समदे येगळं येगळं सांगायलेत. कोण म्हणतंय बॉल लागला आन् जागच्या जागी पडला. कोण म्हणतंय उभा होता. घरात इचारावं तर हे उठून गोठ्यात जातेत. तू होतास. लागल्यावर काय म्हणला माजा हरी?”

खोटं सांगणं सोपं होतं. काही कळलंच नाही त्याला, असं म्हटलं असतं तर त्या मान हलवून गेल्या असत्या. सव्वा वर्षात संघपालनं ते वाक्य मनात हजारदा घोळवून ठेवलं होतं. तोंडून मात्र दुसरंच आलं.

“हसला, काकू.”

“हसला?”

“व्हय. कानाच्या वर हात धरला, आन् ‘काय मारलास बे, पाल्या’ म्हणला. रगात न्हाई, काय न्हाई. मी पळत गेलो. त्यो म्हणला, मला काय झालं न्हाई, तू खेळ, मी जरा बसतो चिंचेखाली.”

“मग?”

“मग मी खेळलो.”

सत्यभामाबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. संघपालनं खाली बघूनच पुढचं सांगितलं. थांबला असता तर पुन्हा बोलणं झालं नसतं.

“अर्धा तास खेळलो काकू. दुसरे टाकायले होते आन् मी मारायलो होतो. त्या दिवशी बॅटला असं लागायलं होतं, तसं जल्मात कधी लागलं न्हवतं. थांबूच वाटंना. येकदा वळून बघितलो. टोपी तोंडावर घेऊन पडला होता. म्हणलं झोपला. मग त्यो घोरायला लागला. लई मोठ्यानं. पोरं हसली. मीबी हसलो. ते घोरणं न्हवतं काकू. डॉक्टर म्हणले गुलबर्ग्यात, अर्धा घंटा आधी आणलं असतं तर काय करता आलं असतं. मी येकटाच होतो तवा आत. ते मी कुणाला सांगितलो न्हाई.”

मैदानावर वारा नव्हता. सत्यभामाबाई खाली बसल्या. हाताला लागलेलं वाळलं गवत त्यांनी उपटलं, परत उपटलं.

“पाणी मागितलं का त्यानं?”

“न्हाई.”

“मला हाक मारला का?”

“न्हाई काकू. झोपेतच व्हता.”

त्यांनी मान हलवली. मग जमिनीला हात टेकून उठल्या आणि चपला तिथंच विसरून, अनवाणी, तापलेल्या वाटेनं घराकडं गेल्या. एका पोरानं चपला उचलल्या, पण त्यांच्या मागं जायचं धाडस त्याला झालं नाही.

वीरभद्रप्पा सर बराच वेळ जवळ आले नाहीत. आले तेव्हा संघपालच्या शेजारी मातीत बसले.

“हे मला कामून सांगितलं न्हाईस?”

“तुम्ही भीती म्हणलाव सर. मी व्हय म्हणलो.”

सरांनी टोपी काढून डोकं पुसलं. “चौतीस वर्सं पोरं शिकवलो. जखम येका जागी, आन् मी पट्टी भलत्याच जागी बांधत बसलो.” थोड्या वेळानं म्हणाले, “तुला खेळायचं हाय का, ते सांग. न्हाई म्हणलास तर मी परत इचारणार न्हाई.”

“खेळताना बरं वाटतं सर. तेच तर पाप हाय.”

“पाप-पुण्य मला कळत न्हाई तम्मा. बॅटिंग कळती. तुला त्याला विसरायचं आसंल तर तसलं औषध माज्याकडं न्हाई. पर बघायची येळ ठरवता येती. बॉल चालू आसताना फकस्त बॉल. ओव्हर संपली की बघ, पोटभर बघ. न बघता राहिलास की त्यो मधीच येतो.”

त्या रविवारपासून दोनशे सरळ शॉट बंद झाले. आता लांब खेळायचं. एक तास, दीड तास, सलग. सर पंचाच्या जागी उभे राहून ओव्हर मोजायचे, आणि सहावा बॉल झाला की म्हणायचे, “हं, आता बघ.” सांगायला सोपं होतं. पहिल्याच दिवशी आठव्या ओव्हरनंतर संघपालनं चिंचेकडं बघितलं आणि बॅट टाकून पॅडसकट तिकडं पळत सुटला. झाडाखाली पोचला तेव्हा तिथं मुंग्यांची रांग होती आणि वाळल्या चिंचेची दोन टरफलं. तो तिथं उभा राहून धापा टाकत होता. मागं पोरं एकमेकांकडं बघत होती.

“परत ये,” सर शांतपणे म्हणाले. “अजून सात ओव्हर हायत.”

असं तीन रविवार चाललं. दुसऱ्या रविवारी तो पळाला नाही, पण पुढच्या ओव्हरचा पहिलाच बॉल त्याला दिसला नाही. तिसऱ्या रविवारी तीन ओव्हर धड खेळला, आणि चौथ्यात त्याला पाठीमागून घोरणं ऐकू आलं. स्पष्ट. कानाशी. त्यानं स्टंप सोडले आणि हेल्मेट काढून बराच वेळ दोन्ही हातांनी कान दाबून बसला. त्या आठवड्यात कोळारला खोलीमागं बॉल टांगायलाही तो गेला नाही. मामानं विचारलं, तर अंग दुखतंय म्हणाला.

पाचव्या रविवारी सत्यभामाबाई आल्या. हातात भुईमुगाच्या शेंगांची पाटी होती. पेरणीचं बी काढायचं होतं. पायात दुसऱ्याच चपला होत्या. थेट खेळपट्टीशी येऊन त्यांनी पाटी खाली ठेवली.

“माफ केलं म्हणायला आले न्हाई मी,” त्या म्हणाल्या. आवाज बसलेला होता. “ते मला जमंल का न्हाई, ठाऊक न्हाई. महिनाभर तुला शिव्या घातल्या. उठता-बसता. तुला लागल्या आसतील तर लागू दे.”

“लागल्या काकू.”

“पर शिव्या घालून घालून शेवटी येकच गोष्ट उरायली बघ. त्यो अर्धा घंटा माजं लेकरू येकलं व्हतं. समदे जवळ, आन् त्याच्याकडं बघायला कुणी न्हाई. तू खेळ सोडून बघायलास, आन् बघणं सोडून खेळायलास. धड येकबी होत न्हाई तुजं.” त्यांनी पाटी उचलली. “आता तू खेळ. झाडाखालचं मी बघते.”

आणि त्या जाऊन चिंचेखाली बसल्या. शेंगा फोडायला लागल्या.

त्या दिवशी संघपाल काही फार भारी खेळला नाही. दोनदा बोल्ड झाला, एकदा बोटावर बॉल बसला. पण ओव्हर संपली की त्याची नजर जायची तिथं एक जिवंत माणूस असायचं, शेंगा फोडत. कधी त्या मान वर करून म्हणायच्या, “हाय रे, मी हाय,” आणि परत खाली बघायच्या. त्यांच्या शेजारी थोडी जागा मोकळी असायची. तिथं त्या कधी पाटी ठेवत नसत, टरफलंही टाकत नसत. एकदा बॉल आणायला गेलेलं पोरगं त्या जागी टेकलं, तर त्यांनी त्याला मुकाट्यानं हातानं उठवलं. संघपालनं ते लांबून बघितलं. पण पुढचा बॉल आला तेव्हा त्याला शिवण दिसली.

मृग गेला, पेरण्या झाल्या. शेंगांच्या जागी तूर निवडायला आली. पावसानं दोन-तीन रविवार खाल्ले. मंगलला आधी हे अजिबात पटलं नव्हतं. पण एका सकाळी ती स्वतःच तांब्याभर पाणी घेऊन मैदानाच्या कडेला आली, सत्यभामाबाईंच्या हाताशी तांब्या ठेवला आणि परत गेली. श्रावण सरेपर्यंत संघपाल दीड तास सलग खेळायला लागला. घोरणं अधूनमधून ऐकू यायचंच. ते ऐकू आलं की तो ओव्हर संपेपर्यंत दातावर दात धरायचा, मग बघायचा, मग परत उभा राहायचा. सर त्याला म्हणाले, “आता पळत न्हाईस तू. येवढंच शिकायचं होतं.”

निवडीची मॅच गुलबर्ग्याला होती. आदल्या दिवशी संघपाल धीर करून सत्यभामाबाईंना म्हणाला, “काकू, येता का? सरांच्या भावाची गाडी हाय.”

त्यांनी मान हलवली. “ती वाट मला नको. कडगंचीची.” मग म्हणाल्या, “तिथं तुजं तू बघ.”

गुलबर्ग्याचं मैदान उघडंबोडकं होतं. एका अंगाला पत्र्याचं शेड, बाकी चारी बाजूंनी ऊन. संघपाल तिसऱ्या नंबरावर गेला. पहिल्या तीन ओव्हर त्याला बॉल कुठं पडतोय ते समजेना. एक झेल यष्टिरक्षकाच्या पुढं पडला, आणि तो वाचला. मग हळूहळू डोळा बसला. अठ्ठावीसवर असताना त्यानं एक पुढचा बॉल सरळ मारला. बॅटीच्या मधोमध तोच भरीव आवाज आला, आणि बॉल बॉलरच्या बाजूनं जमिनीला घासत सीमेबाहेर गेला.

ओव्हरचे दोन बॉल उरले होते. मान वळायला लागली होती. त्यानं ती धरली. “आडवी,” तो पुटपुटला. “ऑफकडं.” दोन्ही सोडले.

ओव्हर संपली. त्यानं हातमोजे काढले, स्क्वेअर लेगच्या दिशेनं चार पावलं चालला, आणि मान वर करून बघितलं.

सीमारेषेजवळ लोखंडी रोलर उभा होता. त्याला पाठ टेकून हरिओम बसला होता. पाय पसरलेले. एका बुटाची नाडी सुटलेली. टोपी तोंडावर.

आज तिथं शेंगा फोडणारं कुणी नव्हतं. ‘मी हाय’ म्हणणारं कुणी नव्हतं. संघपालचे पाय तिकडं ओढ घ्यायला लागले. पळत जाऊन टोपी उचलावी, गालावर चापट मारावी, ऊठ म्हणावं, खांद्यावर टाकावं. तो जागेवरून हलला नाही. बघत राहिला. टोपी बघितली, नाडी बघितली, मातीनं भरलेली टाच बघितली. त्या दिवशी त्यानं जे बघायला हवं होतं आणि बघितलं नव्हतं, ते सगळं बघितलं.

समोरून जोडीदार आला. औरादकडचा भीमराज नावाचा पोरगा, सकाळीच ओळख झालेली. “काय झालं? पाणी मागवू का?”

“नको. बघायलो जरा.”

भीमराजनंही रोलरकडं बघितलं. “काय हाय तिथं?”

“काय न्हाई. चल.”

तो परत स्टंपांसमोर उभा राहिला. पुढचा बॉल सुटला, आणि त्याला शिवण दिसली. पस्तीस झाले, चाळीस झाले. दर ओव्हरनंतर तो बघायचा, आणि हरिओम तिथंच असायचा. सूर्य डोक्यावर आला, रोलरची सावली आखडून त्याच्या बुडाशी गेली, तरी तो उठला नाही. संघपालचे पन्नास झाले तेव्हा शेडमधून टाळ्या आल्या. त्यानं बॅट वर केली नाही. साठ. पंच्याहत्तर. घाम डोळ्यांत जात होता, आणि खेळताना बरं वाटत होतं. ते वाटणं त्यानं या वेळी झटकलं नाही. अठ्ठ्याऐंशीवर एका उंच पोरानं आत येणारा बॉल टाकला आणि संघपालचा मधला स्टंप उपटला. चांगला बॉल होता. त्याच्यावर कुणीही गेलं असतं.

“शंभराला बारा ठेवलास,” वीरभद्रप्पा सर म्हणाले, आणि घाईनं चष्मा पुसायला लागले.

संध्याकाळी नावं वाचली. संघपालचं नाव अकरावं होतं. भीमराजचं नव्हतं. त्यानं संघपालचा हात हातात घेतला, आणि बॅग उचलून औरादच्या गाडीकडं गेला.

दिवेलागण झाल्यावर सरांच्या भावाच्या गाडीनं ते गावात पोचले. कडगंचीला संघपालनं खिडकीकडं पाठ केली नव्हती. गाव आल्यावर तो घरी गेला नाही. सरळ पाटलांच्या आळीत शिरला.

अंकुशराव ओसरीवर खाटेवर बसले होते. त्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग खाटेच्या सुंभाकडं. सत्यभामाबाई आतून बाहेर आल्या. किती केलेस, नाव आलं का, असं काहीच त्यांनी विचारलं नाही.

“दिसला का?”

“व्हय काकू.”

“कसा होता?”

“बसला होता. रोलरला टेकून. पाय पसरून.”

“सावलीत?”

“न्हाई. उनात. तिथं झाड न्हाई काकू.”

सत्यभामाबाईंनी दाराची चौकट धरली. “दिवसभर उनात,” त्या म्हणाल्या, कुणालाच उद्देशून नाही.

“मी बघायलो होतो काकू. दर ओव्हरला. येकबी सोडली न्हाई.”

अंकुशराव खाटेवरून उठले. संघपालला वाटलं, आता गोठ्यात जातील. ते दोन पावलं गेले, थांबले, आणि पाठमोरेच, दीड वर्षानं पहिल्यांदा त्याच्या हजेरीत बोलले.

“त्याला जेवायला वाढ.”

पहिलीपासून हरिओमबरोबर तो शेकडो वेळा जेवला होता. मैदानावर, चिंचेखाली, शाळेच्या पायरीवर. हरिओम घरून डबा आणायचा. या घरात तो आजवर कधी जेवला नव्हता, आणि का नव्हता, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. सत्यभामाबाईंनी चुलीपुढं पाट मांडला. ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी, कांदा. संघपालनं हात धुतले आणि बसला.

दुसरी भाकरी मोडताना त्याची नजर दाराजवळच्या मोकळ्या जागेकडं गेली. वर बघितलं तर सत्यभामाबाईही तिकडंच बघत होत्या. त्यांनी वाटीत आमटी वाढली, आणि तो जेवत राहिला.